वस्तीचा फळा आणि साथीची बातमी

करोनाच्या साथीवर मराठीत जे लेखन झाले, त्याची चर्चा करणाऱ्या एका परिसंवादात मला प्रश्न विचारण्यात आला : 'टाळेबंदीच्या दैनंदिन्या आल्या, कविता आल्या, दिवाळी अंकांचे विशेष विभाग निघाले. या काळात दलित साहित्याने काय लिहिले?' विचारणाऱ्या प्राध्यापकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु प्रश्नाच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. जे छापले जाते तेच लिहिलेले, आणि जे लिहिलेले असते ते साथ ओसरल्यावर निवांतपणे वाचण्यासाठीच असते, असे ते गृहीत होय. मी त्यांना उत्तर दिले, 'आमच्या वस्तीने लिहिले. दररोज लिहिले. खडूने लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून पुन्हा लिहिले.' सभागृहात थोडे हसू उमटले. ते हसू माझ्या मनातून गेले नाही. त्याला उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की, विहाराबाहेरचा फळा म्हणजे काव्य आहे असा दावा मला करावयाचा नाही. तसा दावा करणे म्हणजे प्रस्थापितांच्याच मापाने स्वतःला मोजून घेणे होईल. माझे म्हणणे निराळे आहे. बातमी हाही एक वाङ्मयप्रकार आहे. ती कोण कोणाशी बोलते, कोणाविषयी बोलते, काय सांगते, काय गाळते आणि खोटी ठरली तर जबाबदारी कोण घेते, हे समीक्षेचे प्रश्न आहेत. साथीच्या काळात हे प्रश्न पोटापाण्याचे आणि जगण्यामरण्याचे झाले होते. तेव्हा समीक्षकाने त्यांच्याकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.

१

एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. भारतातील पहिला करोनाबाधित रुग्ण केरळमध्ये आढळला तो ३० जानेवारी २०२० रोजी. दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारीला, 'मूकनायक'च्या पहिल्या अंकाला शंभर वर्षे पूर्ण झाली. आम्ही ठिकठिकाणी शताब्दी साजरी केली. भाषणे झाली, प्रदर्शने भरली, मीही एका ठिकाणी बोललो. त्या भाषणात मी 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचा क्रम सांगितला, शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला केलेल्या आर्थिक साहाय्याचा उल्लेख केला, आणि टाळ्या घेऊन घरी आलो. दोन महिन्यांच्या आतच आमच्या त्या भाषणांची परीक्षा होणार आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, ही हकीकत आपण नेहमी सांगतो. पण तिचा पूर्ण अर्थ आपण घेतला आहे असे मला वाटत नाही. आपण ती अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. ती अपमानाची गोष्ट आहेच. परंतु जाहिरात म्हणजे काय? एक पत्र निघाले आहे, अमुक ठिकाणी मिळते, वर्गणी अमुक आहे, एवढीच माहिती. म्हणजे नाकारली गेली ती केवळ एक विचारसरणी नव्हे, तर साधी माहिती, आपल्या अस्तित्वाची बातमी. बाबासाहेबांना पत्र काढावे लागले ते मते मांडण्यासाठी तर होतेच. पण आपल्या माणसाला आपल्या हिताची गोष्ट वेळेवर कळावी, यासाठीही होते. शताब्दीच्या भाषणात आम्ही पहिली गोष्ट सांगितली आणि दुसरी विसरलो. मार्च २०२० मध्ये दुसरीच उपयोगी पडणार होती.

२

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशाला सांगण्यात आले की, चार तासांनी सारे बंद. त्याच सुमारास मुंबईत छापील वर्तमानपत्रांचे वितरणही थांबले होते. उरला दूरचित्रवाणी संच आणि हातातला मोबाइल. आमच्या वस्तीत रात्रंदिवस बातम्या चालू होत्या. पण त्या बातम्यांचे व्याकरण एकदा तपासून पाहिले पाहिजे.

त्या व्याकरणात वस्ती ही नेहमी तृतीय पुरुषात होती. 'झोपडपट्टीत शिरकाव', 'दाट वस्तीत धोका', 'शहराची चिंता वाढली.' १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण आढळल्यावर तर हे व्याकरण पक्केच झाले. वस्ती म्हणजे नकाशावरचा लाल ठिपका. तिच्याविषयी बोलले जात होते, तिच्याशी कोणी बोलत नव्हते. ज्यांच्याशी बोलले जात होते त्यांच्या घरात वेगळी खोली होती, बाथरूम होते, खिडकीतून रस्ता दिसत होता. 'घरात राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य त्यांच्यासाठी पूर्ण होते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, पाण्यासाठी नळावर रांग, शौचालयासाठी दुसरी रांग, अशा घराला ते वाक्य अर्धेच ठेवत होते. उरलेले अर्धे वाक्य कोणी सांगत नव्हते. शौचालयाच्या रांगेत कसे उभे राहावे? दाराच्या कडीचे काय करावे? म्हातारीला ताप आला तर तिला झोपवावे कोठे? आणि यापैकी एकाचेही उत्तर नसेल, तर शहराच्या चिंतेचा अर्थ काय?

धारावीत पुढे घरोघर तपासणी झाली, खासगी दवाखान्यांचे डॉक्टर बरोबर आले, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली गेली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. तेव्हा तीच वस्ती एका रात्रीत 'आदर्श' झाली. धोका आणि आदर्श या दोन्ही बातम्यांत वस्तीचा माणूस मात्र अबोलच राहिला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

आता एका शब्दाविषयी. 'सामाजिक अंतर' हा शब्द त्या दिवसांत आकाशवाणीपासून रेशन दुकानाच्या पाटीपर्यंत सर्वत्र होता. दोन माणसांत अंतर हवे, हे वैद्यकीय सत्य आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. अंतर न पाळल्याने माणसे गेली आहेत. माझा आक्षेप शब्दाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द अधिक योग्य असल्याचे सांगितले होते. म्हणजे दुसरा शब्द उपलब्ध होता. तरीही मराठीत पहिलाच रुळला. ज्यांच्या आजोबांना सावलीचेही अंतर राखावे लागले, पाणवठ्यापासून दूर उभे राहून ओंजळ पसरावी लागली, त्यांच्या नातवंडांना सरकारी आवाजात पुन्हा 'सामाजिक अंतर पाळा' असे ऐकावे लागले. मराठीचे शुद्धलेखन सांभाळणाऱ्या किती पंडितांना हा शब्द खटकला? भाषा कोणाच्या अनुभवाने घडते आणि कोणाच्या अनुभवाला वगळून घडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

३

आमची वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात आहे. विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. एरवी त्यावर वंदनेची वेळ, जयंतीची वर्गणी, रक्तदान शिबिर आणि कोणी वारले तर अंत्ययात्रेची वेळ लिहिली जाते. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात तीन तरुणांनी आणि मी मिळून तो रोज लिहावयास घेतला. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक, खडू माझ्याकडचे. एका विद्यार्थ्याने सहज म्हणून रोज मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले. त्यातील साठेक छायाचित्रे आज माझ्यासमोर आहेत. त्यांच्या आधारेच मी बोलत आहे.

एप्रिलमधील एक मजकूर असा : 'रेशन दुकान सकाळी आठला उघडेल. मोफत तांदूळ माणशी ५ किलो. पैसे द्यायचे नाहीत. पावती मागा.' चार छोटी वाक्ये. यात एकही विशेषण नाही. पण पाहा, त्यात काय काय आहे. वेळ आहे; म्हणजे कष्टकऱ्याचा दिवस वाया जाऊ नये याची काळजी आहे. 'माणशी' हा शब्द आहे; म्हणजे कार्डामागे नव्हे तर डोक्यामागे धान्य आहे, हा हक्काचा तपशील आहे. 'पैसे द्यायचे नाहीत' यात दुकानदाराच्या तोंडच्या माहितीला दिलेले उत्तर आहे. आणि 'पावती मागा' या दोन शब्दांत आज्ञार्थ आहे. हात पसरणाऱ्या माणसाला पावती मागता येत नाही. पावती मागणारा माणूस ग्राहक असतो, नागरिक असतो. आमच्या साहित्यात आपण ज्याला नकार आणि विद्रोह म्हणतो, तो या दोन शब्दांत नाही असे कोणी म्हणेल काय?

दुसऱ्या एका दिवशी : 'शिवभोजन थाळी ५ रुपये. चालत वीस मिनिटे. अकरापूर्वी जा, नंतर संपते.' तिसऱ्या दिवशी : 'कोपऱ्यावरचे डॉक्टर संध्याकाळी सहा ते आठ बसतात. ताप असेल तर आत जाऊ नका, खिडकीतून बोला.' आणखी एक : 'शौचालयाबाहेर साबण ठेवला आहे. घरी नेऊ नका.' पुढे पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेने प्रत्येक विभागात रुग्णखाटांसाठी नियंत्रण कक्ष उघडले, तेव्हा आमच्या विभागाचा क्रमांक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तेलरंगाने लिहिला गेला. तो अजून तेथे आहे.

या मजकुराचा एक नियम आम्ही ठरवला होता. जे कोणी स्वतः पाहून आले असेल तेच लिहावयाचे, आणि खाली पाहून येणाऱ्याचे आद्याक्षर घालावयाचे. तांदूळ आला असे ऐकले, एवढ्यावर लिहावयाचे नाही. कोणीतरी दुकानापर्यंत जावे, पोती पाहावीत आणि मग लिहावे. खोटे निघाले तर लोक त्या आद्याक्षराच्या घरी जाऊन विचारीत. दोनदा तसे झालेही. दोन्ही वेळी फळ्यावर 'कालची बातमी चुकीची होती' असे मोठ्या अक्षरांत लिहिले गेले. मोठ्या वर्तमानपत्रांत दुरुस्ती आतल्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात येते हे आपण जाणतोच.

हा नियम किती मोलाचा होता ते १४ एप्रिल २०२० ला कळले. त्या दिवशी जयंती होती. आम्ही घराघरात दिवा लावून ती साजरी केली. रस्त्यावर कोणी आले नाही. त्याच दिवशी दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर शेकडो परप्रांतीय मजूर जमले. गाड्या सुटणार अशी वार्ता पसरली होती. गाड्या नव्हत्या. त्यांच्यावर लाठ्या पडल्या. आमच्या वस्तीत उत्तर प्रदेश आणि बिहारमधील भाडेकरू पुष्कळ आहेत. त्यातील दोघे आदल्या दिवशी फळ्यापाशी येऊन 'मास्टरजी, गाडी का कुछ लिखा है क्या?' असे विचारून गेले होते. फळ्यावर काही नव्हते, कारण कोणी पाहून आलेले नव्हते. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फळ्याचा उजवा भाग हिंदीत लिहिला जाऊ लागला.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातील ती माणसे. श्रमिक गाड्या आठवड्यापूर्वी सुरू झाल्या होत्या; गाडी मिळेल या आशेने ती रुळांवरून भुसावळच्या दिशेने चालली होती. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले, त्यावर कविताही झाल्या. मला त्या कवितांविषयी काही म्हणावयाचे नाही. मला फक्त विचारावयाचे आहे की, गाडी कोठून सुटते, नाव कोठे नोंदवावे, तोपर्यंत जेवण कोठे मिळेल, ही तीन वाक्ये त्यांच्याच भाषेत त्यांना सांगण्याची जबाबदारी कोणाची होती? मेल्यावर बातमी झाली. जिवंतपणी त्यांना बातमी मिळाली नाही.

४

साथ आणि बातमी यांचा संबंध आमच्याकडे जुना आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. त्या प्लेगचा इतिहास मराठी मुलगा शाळेत कसा शिकतो? गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून केलेली झडती, देवघराचा विटाळ, रँडचा जाच आणि २२ जून १८९७ चा रँडचा वध. हे सर्व घडले आहे आणि तो जाच खराच होता. पण त्याच प्लेगात, फेब्रुवारी १८९७ मध्ये, 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत मरण पावले. त्याच प्लेगात पुण्याजवळ डॉ. यशवंतरावांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या.

या दोन हकीकतींपैकी पहिली राष्ट्रीय इतिहास झाली आणि दुसरी कित्येक दशके आमच्या सभांपुरतीच राहिली. पहिलीत प्रश्न असा होता की, घरात कोण शिरले? दुसरीत प्रश्न असा होता की, आजाऱ्याला कोणी उचलले? साथीत हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. पण ज्या समाजाने दुसरा प्रश्न विसरण्याची सवय लावून घेतली, त्याची बातमीही २०२० मध्ये त्याच वळणाने गेली, यात आश्चर्य वाटावयास नको.

५

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की, मी फळ्याची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. समीक्षा दुसऱ्याचीच करावयाची आणि आपल्याला सोडून द्यावयाचे, ही प्रस्थापितांची रीत आहे. आपण ती उचलू नये. छायाचित्रे पुन्हा पाहताना मला जे दिसले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पहिली गोष्ट. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धान्याच्या पिशव्या आल्या तेव्हा फळ्यावर गल्लीवार यादी लागली. त्या यादीत नाल्यापलीकडची गल्ली नव्हती. ती गल्ली मातंग कुटुंबांची. मी कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'ते विहारात येत नाहीत, त्यांची नावं आपल्याकडं नाहीत.' मी तेवढ्यावर गप्प बसलो. चार दिवसांनी त्या गल्लीतील एक म्हातारी फळ्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हते. तिने माझ्याकडून सारी यादी वाचून घेतली आणि म्हणाली, 'मास्तर, आमची घरं वस्तीत धरली न्हाईत का?' मला उत्तर देता आले नाही. यादी बदलली; पण पहिल्या पिशव्या वाटून झाल्यावर बदलली. 'केसरी'ने आपली जाहिरात घेतली नाही हे आपण शंभर वर्षे सांगतो. आपल्या फळ्यावर कोणाचे नाव नव्हते हेही आपल्याला सांगता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट. पहिले दीड महिना फळा लिहिणारे सारे हात पुरुषांचे होते. आमच्या वस्तीतील निम्म्या बाया सोसायट्यांत धुणीभांडी करतात. त्यांना फाटकातून आत घेणे बंद झाले होते. मार्चचा पगार काहींना मिळाला, बहुतेकींना नाही. गरोदर बाईने दाखवायला कोठे जावे, कोणते प्रसूतिगृह चालू आहे, यावर दीड महिन्यात एक ओळ नाही. बारावीची एक मुलगी मे महिन्यात खडू मागावयास आली, तेव्हा पहिल्यांदा लिहिले गेले : 'ज्या मावशींचा मार्चचा पगार राहिला त्यांनी नावे द्या. आपण मिळून फोन करू.' तेवीस नावे आली. ती नावे आमच्या शेजारीच राहत होती आणि आम्हाला दिसली नव्हती.

तिसरी गोष्ट. २२ मार्च २०२० ला शहराने गॅलऱ्यांत उभे राहून थाळ्या वाजवल्या. ज्यांच्यासाठी वाजवल्या त्यातील कंत्राटी सफाई कामगार आमच्याच वस्तीत राहतात. मास्क व हातमोजे मिळतात की नाहीत, रजा पडली तर रोज कापतात काय, याची नोंद वर्तमानपत्राने केली नाही हे ठीक. आम्ही तरी कोठे केली? त्यांचे दुःख आपल्याला इतके ओळखीचे आहे की, ते आपल्याला बातमी वाटत नाही.

चौथी गोष्ट सांगणे मला जड जाते. मे महिन्यात एका घरात रुग्ण निघाला. लोकांनी सावध राहावे म्हणून फळ्यावर त्या घराचे नाव लिहिले गेले. पुढचे अठरा दिवस त्या घरातील मुलीला नळावर कोणी पाणी भरू दिले नाही. तिची घागर बाजूला सारली जाई. ती सर्वांचे झाल्यावर रात्री येऊन भरी. आमच्या वस्तीत, विहाराच्या समोर, चवदार तळ्याची गाणी म्हणणाऱ्या माणसांत हे घडले. आणि ते नाव मी लिहिले होते. माझ्या अक्षरात आहे; छायाचित्रात स्पष्ट दिसते. त्यावर पाहून येणाऱ्याचे आद्याक्षर आहे, म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे ती बातमी खरी होती. खरी बातमीही माणसाला बहिष्कृत करू शकते, हे मला त्या दिवसांत शिकावे लागले. नंतर आम्ही नाव लिहिणे बंद केले. 'आपल्या गल्लीत एक आजारी आहे. त्यांच्या दारात पाणी आणि डबा कोण ठेवील?' असे लिहू लागलो. त्या वाक्याखाली लोकांनी आपली आद्याक्षरे लिहिली. मुलीची मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, आणि तिने बोलावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही.

६

फळ्याच्या मर्यादाही होत्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा प्राणवायूच्या खाटेसाठी माणसे वणवण फिरत होती. फळ्यावर आम्ही क्रमांक लिहीत होतो आणि ते क्रमांक लागत नव्हते. रुग्णालय खडूने बांधता येत नाही. वस्तीने स्वतःची काळजी घेतली म्हणून तिचे गुणगान करणारे, वस्तीला काळजी घेणारे सरकार मिळाले काय हे विचारावयाचे विसरतात. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील लोकांसाठी लस खुली झाली, पण नोंदणी संगणकावरून किंवा मोबाइलवरून. ज्याच्याकडे चांगला फोन आणि इंग्रजीची सवय, तो मिनिटात नोंद करी. वस्तीतला माणूस केंद्रापासून शंभर पावलांवर राहून बाहेर राही. फळा लिहिणारी ती मुलगी विहाराच्या पायरीवर फोन घेऊन बसली आणि एकेकाची नोंदणी करीत राहिली. पण एका मुलीच्या मेहनतीवर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे.

आता पुन्हा त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे येतो. टाळेबंदीच्या ज्या दैनंदिन्या छापल्या गेल्या, त्यांतील काही मी आवडीने वाचल्या. रिकामे रस्ते, पक्ष्यांचे आवाज, स्वतःशी झालेली भेट. हा अनुभव खोटा नाही. परंतु तो अनुभव एका विशिष्ट जागेचा आहे, आणि ती जागा न सांगता तो 'साथीचा अनुभव' म्हणून मांडला जातो, हे मला मान्य नाही. दुसरीकडे, आमच्या साहित्याकडूनही एकच अपेक्षा केली जाते, भोगलेले दुःख मागे वळून सांगण्याची. आत्मकथनांनी ते सांगितले आणि मराठी साहित्य बदलले. पण मागे वळून सांगणे ही आपली एकमेव भाषा नाही. 'आज', 'उद्या सकाळी', 'पावती मागा', 'डबा कोण ठेवील' हीही आपली भाषा आहे. तिचे मूल्यमापन करावयाचे तर तीन कसोट्या पुरेत : ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याशीच ते बोलते काय, लिहिणारा पाहून आला आहे काय, आणि चुकले तर तितक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त करतो काय. या कसोट्या आमच्या फळ्याला लावा. तो काही ठिकाणी नापास होईल, ते मी वर दाखवले आहे. मग त्याच कसोट्या वर्तमानपत्रांना, वाहिन्यांना आणि आपल्या स्वतःच्या नियतकालिकांनाही लावा.

या अंकाचे वाचक बहुतेक कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या वस्तीत २०२० आणि २०२१ मध्ये फळ्यावर, भिंतीवर, वहीत, मोबाइलवर जे लिहिले गेले ते शोधा. यादीत कोणाची घरे होती आणि कोणाची नव्हती ते पाहा. लिहिणाऱ्या हातांत बायांचे हात किती होते ते मोजा. जेथे आपण चुकलो तेथे तसे लिहून ठेवा. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. पण पूर, आग आणि बुलडोझर यांना आमच्या वस्त्यांत तिथीवार लागत नाही. त्या दिवशी सकाळी फळ्यासमोर कोणीतरी उभे असेल, आणि काय लिहावे, कोणाचे नाव लिहावे व कोणाचे लिहू नये, हे त्याला तेथल्या तेथे ठरवावे लागेल. मी ठरवले तेव्हा मला विचारावयास कोणी नव्हते. त्याला निदान आपली नोंद तरी वाचावयास मिळावी.